रायफल खाली घेण्याचा रविवार

पहाटे साडेपाच

दिवसाचं पहिलं काम हवा भरण्याचं. आमच्या रायफली हवेवर चालतात. नळीखाली जी लांबट टाकी असते, तिच्यात 200 बारपर्यंत हवा कोंबलेली असते. उसाच्या ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार असते, त्यावरून अंदाज यावा. पाणबुडे पाठीवर बांधतात तसल्या मोठ्या सिलिंडरला टाकी जोडायची आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. घाईनं भरलेली हवा तापते, गार झाली की काटा खाली उतरतो आणि ऐन दुपारी शॉट खाली पडायला लागतात. प्रत्येक टाकीवर ती बनल्याची तारीख असते. दहा वर्षं झाली की टाकी बाद. ती वरून कितीही चकचकीत दिसली तरी मी ती वापरायला देत नाही.

डिसेंबरातल्या कोपरगावात या वेळेला गोदावरीच्या बाजूनं धुकं येतं आणि शेडच्या पत्र्यावर दव साचतं. ही शेड मुळात कांद्याच्या गोदामाची. क्लबनं ती भाड्यानं घेऊन सहा लेन आखल्या. टेप लावून मी पुन्हा एकदा मापं घेते: फायरिंग लाइनपासून टार्गेट 10 मीटर, टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटर. आज शिबिराचा दुसरा दिवस. काल, शनिवारी, कुणीही एकसुद्धा छर्रा उडवलेला नाही.

सात

मुलं यायला लागतात. गळीत हंगाम चालू आहे. तालुक्यात दोन साखर कारखाने, एक कोळपेवाडीला आणि एक सहजानंदनगरला, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागून वाट काढत यायचं म्हणजे घरून लवकर निघावं लागतं. संवत्सरची एक मुलगी वडिलांच्या मोटारसायकलवरून आली आहे. पोहेगावचा मुलगा दहावीत आहे. चासनळीचे एक निवृत्त सुभेदार नातवाला घेऊन कालही दिवसभर थांबले होते, आजही थांबणार. येवल्याहून दोघं भाऊ आलेत. एकूण पंधरा-सोळा जण.

ते का येतात याची कारणं पालक आडपडदा न ठेवता सांगतात. कुणाला दहावी-बारावीच्या निकालात क्रीडागुण हवे असतात. कुणाला पोलिस भरती दिसते, कुणाला सैन्य. यात मला काही गैर वाटत नाही. तालुक्याच्या गावातल्या बापानं पोराच्या खेळाकडे नोकरीच्या हिशेबानं बघणं स्वाभाविक आहे, आणि स्वप्नील कुसाळेनं तो हिशेब खोटा ठरवलेला नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा शिक्षकाचा मुलगा शाळेच्या वयात सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. नेमबाजी तो नाशकात शिकला, म्हणजे इथून शंभरएक किलोमीटरवर. मग मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला, आणि 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) त्यानं कांस्यपदक घेतलं. त्या महिन्यात आमच्याकडे चौकशीचे फोन वाढले होते.

संवत्सरच्या मुलीच्या वडिलांनी काल विचारलं होतं, ‘‘मॅडम, मुलीला जमंल का हे?’’ मी त्यांना नावं सांगितली. अंजली भागवत एनसीसीच्या गणवेशात पहिल्यांदा रायफलला हात लावते आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठते. सुमा शिरूर 2004 ला अथेन्समध्ये अंतिम फेरीत. दीपाली देशपांडे त्याच ऑलिंपिकमध्ये खेळल्या आणि पुढे कुसाळेच्या प्रशिक्षक झाल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, जगज्जेती झाली. महाराष्ट्राच्या रायफलचा इतिहास सांगायचा तर तो अर्ध्याहून जास्त बायकांचाच आहे. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि फीचे पैसे मोजून दिले.

साडेसात

नियम काल सांगितले होते. आज पुन्हा, शब्दन्‌शब्द.

रायफल रिकामी असली तरी ती भरलेली आहे असंच धरायचं. तोंड कायम टार्गेटकडे. ट्रिगरवरचं बोट नेम धरेपर्यंत बाहेर. शॉट घ्यायचा नसेल तेव्हा नळीतून रंगीत दोरा आरपार दिसला पाहिजे. दोरा दिसतोय म्हणजे आत छर्रा नाही, हे लांबूनही कळतं. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ हे माझे चार शब्द सोडून रेंजवर दुसऱ्या कुणाचा आवाज नको. ‘स्टॉप’ मात्र कुणीही म्हणू शकतं, अगदी सहावीतलं पोरसुद्धा, आणि तो शब्द आला की मीसुद्धा थांबते.

फोन टोपलीत. यावर सगळ्यात जास्त कुरकुर होते. गावठी कट्टा हातात धरून काढलेला फोटो स्टेटसला ठेवला आणि पोलिसांनी उचललं, अशा बातम्या आपल्या भागातले लोक नित्य वाचतात. तो फोटो काढणाऱ्याला बंदुकीतलं काही येत नसतं. ती हातात असल्याचं इतरांना दिसावं एवढंच त्याला हवं असतं. माझ्या रेंजवर रायफल कुणाला दाखवायची नाही. येवल्याच्या धाकट्या भावानं टेबलावरची रायफल उचलून सहज बाजूला वळवली. रिकामी होती, दोराही घातलेला होता. तरी त्याला मी तासभर मागच्या बाकावर बसवलं. चिडून नाही, तो का बसलाय हे त्याला आणि बाकीच्यांना नीट सांगून.

कायद्याचंही मी थोडक्यात सांगते, कारण पालकांच्या मनात धास्ती असते. आमच्या रायफलचा छर्रा 4.5 मिलिमीटरचा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, ऊर्जा सात-आठ ज्यूल. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे या कॅलिबरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. .22 ला लागतो. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. दहा मीटरवरून हा छर्रा माणसाचा डोळा कायमचा घालवू शकतो, हे मी मुलांच्या डोळ्यांत बघून सांगते.

आठ ते साडेनऊ

हा दीड तास मला सगळ्यात प्रिय आहे, आणि या दीड तासात छर्‍याचा डबा बंदच असतो.

आधी डोळा बघायचा. दोन्ही हात पुढे धरून तळव्यांमध्ये बारीक खिडकी करायची, तिच्यातून भिंतीवरचा ठिपका बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ठिपका दिसत राहतो तो मुख्य डोळा. पोहेगावचा मुलगा उजव्या हाताचा, पण डोळा डावा निघाला. अशा वेळी खांदा बदलायचा की डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावायची, हे पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागतं. वर्षभरानं बदलायला गेलं तर शरीर ऐकत नाही. त्याला आज डाव्या खांद्यावर धरायला दिली. पहिली दहा मिनिटं तो अवघडला, मग सैलावला.

मग उभं राहणं. उभं राहणं शिकवायला एवढा वेळ जातो याचं नवख्या पालकांना आश्चर्य वाटतं. स्पर्धेच्या रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. ते दंडाच्या जोरावर पेलायला गेलं तर दोन मिनिटांत हात थरथरतो. म्हणून डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, कंबर थोडी पुढे, पाठ किंचित मागे. वजन कोपरातून हाडावर, हाडातून पायावर, पायातून जमिनीवर. ज्याला ओझं हाडांवर सोडता आलं त्याचे स्नायू मोकळे राहतात.

त्यानंतरची कसोटी प्रत्येकाला चकित करते. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. रायफल जिकडे गेलेली असेल ती शरीराची खरी दिशा. ती टार्गेटच्या डावीकडे असेल तर हातानं रायफल उजवीकडे ओढायची नाही. मागचा पाय थोडा सरकवायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे. संवत्सरच्या मुलीला हे पाच-सहा वेळा करावं लागलं. शेवटच्या वेळी डोळे उघडल्यावर काळा गोल नेमका पुढच्या साइटच्या कड्याच्या मध्यात बसलेला दिसला. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे वळून बघितलं, आणि तेवढ्यानंही रायफल हलते म्हणून मी तिला पुढे बघायला सांगितलं.

यानंतर ड्राय, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर. इथे सुभेदारकाका कामाला येतात. फौजेतली जुनी युक्ती त्यांनी सुचवली: नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ट्रिगर असा दाबायचा की नाणं पडू नये. स्पर्धेच्या एअर रायफलचा ट्रिगर जेमतेम शंभर ग्रॅमचा, तरी सुरुवातीला सगळ्यांची नाणी खणाखणा पडली. बोट दाबत नाही, मन दाबतं. ‘आता’ असं मनात आलं की पापणी मिटते, खांदा आकसतो आणि नाणं जमिनीवर. काका प्रत्येकाच्या मागे उभे राहून फक्त पापण्या बघत होते.

साडेनऊ

पोहे. त्याआधी साबणानं हात धुणं सक्तीचं, कारण छर्रा शिशाचा असतो आणि डबे, टेबलं, टार्गेटमागचे सापळे सगळ्यांना शिसं लागलेलं असतं. रेंजच्या आत खाणंपिणं अजिबात नाही.

चहा किती प्यावा यावर मुलांमध्ये वाद झाला. कुसाळेनं अंतिम फेरीच्या सकाळी पोटात काही न घालता नुसता काळा चहा घेतला होता, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, त्याचं शरीर त्याला पंधरा वर्षांच्या सरावानं ओळखीचं झालंय; तुम्ही पोहे संपवा.

दहा ते साडेबारा

आता छर्रे.

पहिला तास टार्गेट उलटं लावलेलं असतं, कोऱ्या बाजूनं. काळा गोल नाही, आकडे नाहीत. पाच शॉट कोऱ्या कागदाच्या मध्यावर घ्यायचे आणि ते एकमेकांपासून किती लांब पडले एवढंच बघायचं. पाचही खालच्या डाव्या कोपऱ्यात पण रुपयाएवढ्या जागेत पडले, तर मी पाठ थोपटते. साइटचे क्लिक फिरवून तो पुंजका मध्यावर आणता येतो. एक मध्यात आणि चार चौफेर, हे मात्र साइटनं सुधारत नाही.

पुढच्या तासाला टार्गेट सुलटं केलं. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, टाचणीच्या टोकाएवढा. छर्रा त्याहून नऊपट रुंद असल्यामुळे त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. पण गणित करून बघावं. रायफल एक मीटर लांबीची धरली आणि तिचं तोंड पाव मिलिमीटरनं सरकलं, तर दहा मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर सरकतो. म्हणजे दहाची अगदी कड, त्याहून केसभर जास्त सरकलं की दहा गेले, नऊ आले. काळजाच्या ठोक्यानंही तेवढं हलतं. श्वासानं तर कितीतरी जास्त. पूर्ण स्थिर रायफल असं काही नसतं. हलणं कमी होत जाणारे काही क्षण असतात. श्वास अर्धा सोडून थांबलं की पाच-सहा सेकंदं चांगली मिळतात. आठव्या-नवव्या सेकंदाला डोळ्यासमोरचं चित्र धूसर होतं, दंड थरथरायला लागतो आणि मन म्हणतं, एवढा वेळ धरलंय तर सोडून टाक.

तिथे सोडायचं नाही. रायफल खाली घ्यायची, स्टँडवर टेकवायची, श्वास घ्यायचा, परत उचलायची.

हे शिकवणं सगळ्यात अवघड आहे. उचललेली रायफल न उडवता खाली घेणं म्हणजे हार, असं मुलांना वाटतं. शेजारच्या लेनवाला धडाधड शॉट घेतोय, मागे वडील बाकावर बसून बघताहेत. खेळाचे नियम मात्र खाली घेणाऱ्याच्या बाजूनं आहेत. कागदी टार्गेटवर 60 शॉटना दीड तास मिळतो, म्हणजे एका शॉटला दीड मिनिट. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सव्वा तास, तरी शॉटमागे सव्वा मिनिट. एका शॉटला धरणं दहा सेकंदांचं. तीनदा खाली घेऊन चौथ्यांदा सोडलं तरी वेळ उरतो आणि खाली घेतल्याचा एकही गुण कापला जात नाही.

पोहेगावच्या मुलाचा पहिलाच शॉट दहाला लागला. त्यानं हसून मागे बघितलं. पुढचे चार 7, 6, 8, 5. तो पहिल्या दहाच्या मागे धावत होता. गोल मध्यात आला रे आला की बोट ओढत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, पुढची पाच मिनिटं एकही शॉट सोडायचा नाही, प्रत्येक वेळी धरायचं आणि खाली घ्यायचं. त्याला ते पटलं नाही, पण केलं त्यानं. सहाव्या-सातव्या वेळी त्याचा खांदा सैल झालेला मला मागून दिसला.

संवत्सरची मुलगी दुसऱ्या टोकाला होती. तिनं सलग तीन वेळा रायफल खाली घेतली. तिचे वडील बाकावर चुळबुळ करत होते. पोरगी घाबरली असं त्यांना वाटलं असणार. चौथ्यांदा तिनं उचलली, श्वास थांबला, शॉट गेला आणि गेल्यावरही ती दोन सेकंद तशीच राहिली. हा फॉलो थ्रू. छर्‍याला टार्गेटपर्यंत जायला सेकंदाचा सोळावा-सतरावा हिस्सा लागतो, पण नळीतून निघण्याआधीच्या काही हजारांश सेकंदांत मान उचलली तरी शॉट बिघडतो. आपण कधी सोडलं याची शरीराला घाई होऊ नये म्हणून सोडल्यावरही तसंच राहायचं. तिचा शॉट नऊ होता. आकड्यापेक्षा ते तीनदा खाली घेणं मी वहीत लिहून ठेवलं.

नाशिकचे भीष्मराज बाम, जे पोलिस सेवेतून निवृत्त झाल्यावर खेळाडूंच्या मनावर काम करत राहिले, नेमबाजांना श्वास आणि एकाग्रता शिकवायचे. 2017 मध्ये ते गेले. उत्तर महाराष्ट्रात आज जे कुणी रायफल शिकवतात, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या बोलण्यात त्यांचा धागा सापडतो. मुलांना मी त्यांचं नाव आवर्जून सांगते.

साडेबारा

वीज गेली. टार्गेटवर किमान 1500 लक्स उजेड लागतो, तो इन्व्हर्टरवर येत नाही. ‘स्टॉप, अनलोड’. दोरे नळीत, सगळे बाहेर. उरलेला वेळ नेमबाजीच्या जॅकेटच्या वाद्या कशा आवळायच्या आणि किती आवळू नयेत यात गेला.

दीड

डबे. येवल्याच्या थोरल्या भावाच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी होती, ती सगळ्यांत वाटली गेली. बाकावर बसवलेला धाकटा भाऊ आता लेन चारवर आहे आणि इतरांचे दोरे तोच तपासतोय.

अडीच ते पाच

छोटी स्पर्धा. 20 शॉट, अर्धा तास, त्याआधी सराव. ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून नेम) वेगळे, कारण शालेय स्पर्धांतही तसेच गट असतात आणि इथल्या बहुतेक मुलांची सुरुवात ओपन साइटच्या साध्या रायफलनंच होते. मी मागे खुर्ची टाकून बसते आणि त्या अर्ध्या तासात कुणाला काही शिकवत नाही. स्पर्धेत चुका त्यांच्या त्यांना करू द्याव्या लागतात.

नंतर गुण मोजायचे. छर्रा रेषेला लागलाय की नाही यावर मतभेद झाला की भोकात गेज घालायचा आणि भिंगातून बघायचं. रेषेला लागला असेल तर वरचा गुण द्यायचा. मोजायला मी मुलांनाच बसवते, आणि स्वतःचं कार्ड स्वतः मोजायचं नाही. सुभेदारकाकांच्या नातवानं शेजाऱ्याचा एक सात वाढवून आठ करून दिला, स्वतः त्याच्याकडून एका गुणानं हरत असताना. काका ऐकत होते. काही म्हणाले नाहीत.

वहीत चार रकाने असतात: तारीख, गुण, काय जमलं, आणि रायफल किती वेळा खाली घेतली. चौथा रकाना मी मुद्दाम ठेवलाय. ज्यानं तिथे शून्य लिहिलं, त्याचे गुण कितीही असोत, त्याच्याशी मी पाच मिनिटं बसून बोलते. आज पोहेगावच्या मुलानं 11 लिहिलेत आणि गुण सकाळच्या मानानं बरेच वर आलेत. संवत्सरच्या मुलीनं रकान्यात 26 लिहिलेत. तिला वेळ पुरला नाही, दोन शॉट राहिले. त्यावर आता काम करावं लागेल: प्रत्येक शॉटला एकदाच किंवा दोनदाच खाली घ्यायचं, आणि त्यासाठी उचलतानाच पाय बरोबर पडले पाहिजेत.

साडेपाच

रायफली पुसून, टाक्या काढून कपाटात. किल्ल्या दोन, दोघांकडे. छर्‍यांचे उघडे डबे मोजून नोंदवहीत.

संवत्सरच्या मुलीचे वडील दाराशी थांबलेले. ‘‘मॅडम, उसाचं बिल आलं की हिला रायफल घेऊन टाकू का?’’ मी नको म्हटलं. परदेशी बनावटीची चांगली रायफल दोन-अडीच लाखांच्या घरात जाते, जॅकेट-ट्राउझर वेगळं, आणि चौदा वर्षांच्या मुलीची उंची अजून वाढतेय. आज शिवलेलं जॅकेट दोन वर्षांत आखूड होईल. वर्षभर क्लबची रायफल वापरू द्या. जिल्हा स्पर्धा होऊ द्या, विभागाला गेली तर मग बसून बोलू. सध्या सपाट तळाचे बूट घ्या, मागून उंच टाच असलेले नकोत. डाव्या हाताचा जाड हातमोजा घ्या आणि एक दोनशे पानी वही. रोज संध्याकाळी दहा मिनिटं तिनं भिंतीसमोर हातात काही न घेता उभं राहायचं, डोळे मिटून पाय जुळवायचे. घरात कुणी हसू नये एवढं तुम्ही बघा.

त्यांनी खिशातून जुन्या पावतीची मागची बाजू काढली आणि बूट, हातमोजा, वही असं खाली खाली लिहून घेतलं. मग विचारलं, पुढच्या शनिवारी सात म्हणजे सातला की थोडं मागेपुढे चालेल, कारण त्या दिवशी त्यांच्या उसाला तोड लागणार आहे. मी म्हटलं, पावणेआठला आली तरी चालेल, पण नियम ऐकल्याशिवाय लेनवर उभी राहणार नाही. तिच्यासाठी पुन्हा सांगेन.